साराजेव्होची गोळी सातारच्या घरापर्यंत कशी आली

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी मला प्रश्न पाठवला आहे. पहिल्या महायुद्धाचा धडा चालू असताना एका मुलानं घरून कांस्याची एक गोल चकती वर्गात आणली. तळहात झाकेल एवढी. वर ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीची आकृती, शेजारी सिंह आणि रोमन लिपीत त्याच्या खापरपणजोबांचं नाव. मुलाचा प्रश्न साधा होता: गोळी झाडली युरोपात, भांडण ऑस्ट्रिया आणि सर्बियाचं, मग आमचे आजोबा इराकमध्ये का मेले? बाई लिहितात, "पुस्तकात गुप्त करार, लष्करवाद, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद अशी चार कारणं आहेत. ती मी सांगितली, पण माझंच समाधान झालं नाही. एखादं स्थानिक युद्ध जगभर पसरतं ते नेमकं कसं?"

बाई, मी लष्करात असताना बरीच वर्षं मूव्हमेंट कंट्रोलमध्ये काढली. पलटणी, तोफा, गाड्या रेल्वेनं इकडून तिकडे न्यायचं काम. निवृत्तीनंतर काही वर्षं तरुण अधिकाऱ्यांना लष्करी इतिहास शिकवला. त्यामुळे माझं उत्तर थोडं रेल्वेच्या रुळांवरून जाईल. पण १९१४ चं कोडं मला स्वतःला उलगडलं ते तिथेच.

आधी पुस्तकातल्या 'गुप्त करारां'विषयी. करार होते हे खरं, पण करारांनीच सगळ्यांना ओढून नेलं हे अर्धंच खरं आहे. इटली जर्मनी-ऑस्ट्रियाच्या त्रिराष्ट्र करारात होती. ऑगस्ट १९१४ मध्ये ती तटस्थ राहिली आणि मे १९१५ मध्ये उलट बाजूनं युद्धात उतरली. रुमानियाचाही त्या गटाशी करार होता, तोही बाजूला राहिला. उलट ब्रिटनवर फ्रान्ससाठी लढण्याची लेखी सक्ती नव्हती, तरी तो उतरला. करार म्हणजे वाट. त्या वाटेनं जायचं की नाही, हे त्या त्या वेळी माणसं ठरवतात.

दुसरा पुरावा त्याहून मोठा आहे आणि तो वर्गात जरूर सांगा. १९१२-१३ मध्ये बाल्कनमध्ये लागोपाठ दोन युद्धं झाली. तेच देश, तेच करार, तेच राजे. ऑस्ट्रिया आणि रशिया दोघांनीही त्यांच्यामधल्या गॅलिशियाच्या सीमेवर जादा फौज उभी केली होती. तरीही वणवा बाल्कनबाहेर गेला नाही. डिसेंबर १९१२ पासून लंडनमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी बड्या राष्ट्रांच्या वकिलांना, म्हणजे राजदूतांना, एका टेबलाभोवती बसवलं. जर्मनीनं ऑस्ट्रियाचा लगाम खेचला, रशियानं सर्बियाचा. महिनोन् महिने खल चालला, पण चालला. दीड वर्षानंतर त्याच मंडळींना ते जमलं नाही. का, हाच खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते त्याचं उत्तर वेळेत आहे: विचार करायला किती दिवस, किती तास हाताशी उरले होते.

२८ जून १९१४, रविवार. टिळक मंडालेहून सुटून पुण्यात परतल्याला दोन आठवडेही झाले नव्हते. साराजेव्होत सकाळी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांडच्या मोटारींवर बॉम्ब पडला, पण युवराज वाचला. मग जखमी अधिकाऱ्याला भेटायला जायचं म्हणून रस्ता बदलायचा ठरला, मात्र ड्रायव्हरला कुणी ते सांगितलं नाही. तो जुन्याच वाटेनं वळला. चूक लक्षात आल्यावर गाडी थांबवली, आणि ती थांबली नेमकी १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपसमोर. युवराज आणि त्याची पत्नी सोफी दोघंही गेली.

यानंतर जवळपास महिनाभर वरकरणी काही घडत नाही, आणि याच महिन्यात सगळा घोळ झाला. ऑस्ट्रियाचा सेनाप्रमुख कॉनराड कित्येक वर्षं सर्बियावर चढाई करा म्हणून मागे लागला होता. खुनामागे सर्बिया आहे, असं म्हणायला आता निमित्त मिळालं. ५ जुलैला व्हिएन्नाचा, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजधानीचा, माणूस बर्लिनला गेला आणि जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मनं सांगितलं, काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. १९१३ मध्ये जो लगाम खेचला होता, तो या वेळी सोडून दिला. दुसऱ्याच दिवशी कैसर नॉर्वेकडे जलसफरीला निघून गेला.

व्हिएन्नानं लगेच हल्ला केला असता, तर युरोपची सहानुभूती होती. युद्ध कदाचित तिथल्या तिथे आटोपलंही असतं. पण ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातला जोडीदार असलेल्या हंगेरीचा पंतप्रधान टिसा तयार नव्हता. शिवाय फौजेतले बरेच शिपाई सुगीच्या रजेवर होते. शेतकरी घरातल्या मुलांना ही गोष्ट वेगळी समजावावी लागणार नाही. कापणीच्या दिवसांत गावाकडे गेलेली माणसं परत बोलावली तर पीकही जातं आणि बातमीही फुटते. रजा साधारण २५ जुलैला संपत होत्या. त्यातच फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पोआंकारे २० ते २३ जुलै रशियाच्या राजधानीत होते. ते तिथे असताना निर्वाणीचा खलिता दिला, तर फ्रान्स आणि रशिया समोरासमोर बसून उत्तर ठरवतील. म्हणून ते बोटीत बसेपर्यंत थांबून २३ जुलैला संध्याकाळी ६ वाजता सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये खलिता दिला गेला. दहा मागण्या आणि ४८ तास.

चार आठवडे स्वतः घेतले आणि समोरच्याला दोन दिवस दिले. इथून पुढे घड्याळ पळू लागलं.

सर्बियानं २५ तारखेला उत्तर दिलं. बहुतेक मागण्या मान्य होत्या. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी सर्बियाच्या भूमीवर खुनाच्या तपासात भाग घ्यावा, ही मागणी मात्र नाकारली. ऑस्ट्रियाच्या वकिलानं उत्तरावर नजर फिरवली आणि साडेसहाच्या गाडीनं बेलग्रेड सोडलं. २८ जुलैला कैसरनं सफरीवरून परतून ते उत्तर वाचलं आणि लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरलेलं नाही, बेलग्रेड तात्पुरतं ताब्यात ठेवून बोलणी करा. त्याच दिवशी व्हिएन्नानं तारेनं युद्ध पुकारलं. त्या रात्री डॅन्यूबमधल्या तोफनौकांनी बेलग्रेडवर गोळे टाकले.

इथपर्यंत हे प्रादेशिक युद्धच आहे. आता माझ्या धंद्याचा भाग.

तुम्ही फौजफाटा हलवला आहे असं समजा. एक मिलिटरी स्पेशल, म्हणजे लष्कराची खास गाडी, कागदावर एक नंबर असतो. प्रत्यक्षात त्या नंबरामागे रिकामा रेक (डब्यांची माळ) कुठल्या सायडिंगला उभा आहे, लोडिंग रॅम्प कुठे आहे, इंजिन कोण देणार, पाणी-जेवण कुठल्या स्टेशनवर, उतरवायला किती तास, आणि त्याच रुळावरून मागून येणारी गाडी किती मिनिटांनी, हे सगळं बांधलेलं असतं. मी स्वतः थंडीतल्या रात्री फ्लॅट वॅगनवर गाड्या चढवून घेतल्या आहेत. चाकांना लाकडी पाचरी ठोकायच्या, साखळ्या आवळायच्या, मग टॉर्च घेऊन प्रत्येक साखळी हातानं ओढून बघायची. एक रेक भरायला तास लागतात. आणि असा भरलेला रेक वाटेत असताना वरून हुकूम आला की आता दुसरीकडे न्या, तर नुसता तोच रेक अडत नाही, मागचे दहा अडतात. १९१४ मध्ये हे काम लाखो माणसांसाठी, घोड्यांसाठी, तोफांसाठी चाललं होतं. संगणक नाहीत, हातात तार, टेलिफोन आणि छापलेली वेळापत्रकं.

सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाला फक्त ऑस्ट्रियाला धाक घालायचा होता. म्हणून आधी फक्त ऑस्ट्रियाच्या दिशेची 'अर्धी' जमवाजमव, म्हणजे माणसं बोलावून फौज युद्धासाठी उभी करणं, असं ठरलं. सेनापतींनी हात जोडले. अशी योजनाच तयार नव्हती, आणि अर्धी केली तर नंतर पूर्ण करताना सगळी वेळापत्रकं कोलमडणार होती. २९ जुलैच्या रात्री पूर्ण जमवाजमवीचा हुकूम घेऊन अधिकारी तारघरात हजर होता. तेवढ्यात रशियाच्या सम्राटाला, झारला, कैसरची तार मिळाली. हे दोघं नात्यानं भाऊ, एकमेकांना 'विली' आणि 'निकी' म्हणत. झारनं हुकूम थांबवला. दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हनं तासभर मनधरणी केली, आणि ३० जुलैला संध्याकाळी हुकूम सुटला तो सुटलाच.

रशियाच्या दृष्टीनं जमवाजमव म्हणजे युद्ध नव्हे. एवढ्या अवाढव्य देशात फौज गोळा व्हायलाच आठवडे लागणार, तोवर बोलणी चालू ठेवू, असा हिशेब. पण जर्मनीचं तसं नव्हतं. जर्मनीची योजना अशी की दोन आघाड्यांवर एकदम लढणं परवडणार नाही, म्हणून रशिया सावरण्याआधी सुमारे सहा आठवड्यांत रशियाचा साथीदार फ्रान्स पाडायचा, आणि तोही बेल्जियममधून जाऊन. त्यासाठी बेल्जियममधलं लिएज हे रेल्वेचं नाकं पहिल्या काही दिवसांतच हाती यायला हवं. म्हणजे जर्मनीत जमवाजमवीचा हुकूम सुटला की चढाईही आलीच, मध्ये थांबून बोलायला जागाच ठेवलेली नव्हती. रशियानं जमवलेला प्रत्येक दिवस बर्लिनमध्ये आपला गमावलेला दिवस म्हणून मोजला जात होता. एकाची खबरदारी दुसऱ्याला हल्ल्याची सुरुवात दिसायला लागली, आणि खात्री करून घ्यायला सवड कुणालाच नव्हती. वेळेचं मी म्हणतो ते हेच. बाई, चार कारणांच्या यादीत हे वाक्य मुलांना जरूर द्या.

१ ऑगस्टची संध्याकाळ तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. लंडनहून जर्मन वकिलाची तार आली की कदाचित ब्रिटन आणि फ्रान्स बाहेर राहतील. कैसर हरखला. सेनाप्रमुख मोल्टकेला म्हणाला, मग सगळी फौज पूर्वेला वळवा, फक्त रशियाशी लढू. मोल्टकेनं सांगितलं की ते होणार नाही, वर्षभर खपून बांधलेलं नियोजन मोडलं तर हाती फौज न राहता नुसता जमाव राहील. कैसर म्हणाला, तुमच्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं. मोल्टकेचा काका म्हणजे १८७० मध्ये फ्रान्सला हरवणारा थोरला मोल्टके. काही तासांत त्या तारेतला अर्थ चुकीचा होता हे कळलं आणि गाड्या पश्चिमेलाच सुटल्या. कोलोनचा ऱ्हाईनवरचा पूल ओलांडून पुढचे पंधरा दिवस दर दहा मिनिटांनी एक गाडी जात होती.

मोल्टके खरं बोलला का? जर्मन लष्कराच्या रेल्वे विभागातल्या जनरल फॉन श्टाबनं युद्धानंतर मांडून दाखवलं की बरीच फौज पूर्वेला वळवता आली असती. माझं व्यावसायिक मत त्याच्याच बाजूनं आहे. वळवता आली असती, हाल सोसून. पण पूर्वेकडच्या चढाईची वेगळी योजना दरवर्षी नव्यानं तयार करणं १९१३ मध्येच बंद केलं होतं. दुसरी योजना कपाटात नसली की अधिकारी 'अशक्य' म्हणतो. मी स्वतः वरिष्ठांना तसं म्हटलेलं आहे, आणि त्यातल्या निम्म्या वेळी ते अशक्य नव्हतं, अवघड होतं.

याची उलट बाजूही मी पाहिली आहे. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. देशाच्या आतल्या छावण्यांतून चढाईच्या तुकड्या पश्चिम सीमेवर न्यायच्या होत्या. माझ्या स्टेशनवर रेक कमी, रॅम्प कमी, आणि दिल्लीहून फोनवर फोन. फौज जागेवर पोहोचायला तीन आठवड्यांच्या आसपास लागले. तेवढ्यात परदेशी मंत्र्यांच्या फेऱ्या झाल्या, १२ जानेवारीला मुशर्रफ यांचं भाषण झालं. तेव्हा त्या दिरंगाईचा मला मनापासून राग यायचा. लष्करानंही पुढे जमवाजमव झटपट व्हावी म्हणून बदल केले, आणि लष्करी दृष्टीनं ते योग्यच होतं. तरी त्या तीन आठवड्यांत बोलणाऱ्यांना बोलायला वेळ मिळाला, आणि हजारो घरांतली माणसं परत आली. याची किंमत मला बरीच उशिरा कळली.

परत १९१४. १ ऑगस्टला जर्मनीनं रशियावर, ३ ला फ्रान्सवर युद्ध पुकारलं, ४ ला फौज बेल्जियममध्ये घुसली. बेल्जियमची तटस्थता १८३९ च्या करारानं मान्य झालेली, त्यावर ब्रिटनचीही सही. त्या रात्री ब्रिटन उतरला. आणि ज्या दोघांच्या तणावातून हे सगळं पेटलं, त्या ऑस्ट्रियानं रशियावर युद्ध पुकारलं ते ६ ऑगस्टला, ब्रिटनच्याही नंतर. मूळ भांडणाला तोवर कुणी विचारत नव्हतं.

पण हे झालं युरोपचं युद्ध. ते 'जागतिक' झालं ब्रिटन उतरल्यामुळे, कारण तो एकटा उतरत नव्हता. राजानं युद्ध पुकारलं आणि व्हाइसरॉय हार्डिंगनं भारतही युद्धात असल्याचं जाहीर केलं. भारतातल्या कुणाला विचारलं नाही. ५ ऑगस्टला पहाटे ब्रिटिश जहाजानं इंग्लिश खाडीतल्या जर्मनीच्या समुद्रतारा कापल्या. परिणाम दूरवर गेला. जर्मनीचे संदेश परक्यांच्या तारांवरून जाऊ लागले, ब्रिटन ते वाचू लागला, आणि मेक्सिकोला चिथावणारी जर्मन परराष्ट्रमंत्री त्सिमरमानची तार अशीच हाती लागली. ती आणि पाणबुड्यांचा बेबंद हल्ला, दोन्ही मिळून एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका उतरली. जपान २३ ऑगस्ट १९१४ लाच आला होता, चीनमधलं जर्मन ठाणं चिंगताव घ्यायला. २२ सप्टेंबरला एम्डेन या जर्मन युद्धनौकेनं मद्रासचे तेलाचे टाके पेटवले. जर्मनीहून येणारा रासायनिक रंग मुंबईच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. ज्याचं साम्राज्य जेवढं पसरलेलं, तेवढी त्याच्या युद्धाची रणांगणं.

आता तुमच्या विद्यार्थ्याचे खापरपणजोबा.

ब्रिटिश आरमार कोळशाकडून तेलाकडे वळत होतं. तेल इराणमधून आबादानच्या कारखान्यात येत होतं, आणि १९१४ मध्येच ब्रिटिश सरकारनं त्या कंपनीत बहुसंख्य भागभांडवल घेतलं. आबादान शत अल-अरब नदीच्या काठी, समोरचा किनारा तुर्कस्तानचा. म्हणून १६ ऑक्टोबरला मुंबई बंदरातून फौज निघाली. तुर्कस्तान तेव्हा युद्धात आलाही नव्हता. तो २९ ऑक्टोबरला काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर तोफा डागून आला. मुंबईहून निघालेली फौज तोवर बहरीनपाशी उभी होती. ६ नोव्हेंबरला ती शत अल-अरबच्या मुखाशी फावला उतरली.

ही फौज म्हणजे सहावी, पुणे डिव्हिजन. तिच्या तीन ब्रिगेड पुणे, अहमदनगर आणि बेळगावच्या. ११७ वी मराठा, १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री या तिच्याच पलटणी. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं. सातारजवळच्या अपशिंगे गावानं त्या युद्धात ४६ माणसं गमावली.

पुढे जे झालं त्यात युद्ध पसरण्याची आणखी एक रीत दिसते. आले होते आबादानच्या राखणीला. आबादान सुरक्षित राहावं म्हणून बसरा घेतलं. बसऱ्याला धोका नको म्हणून कुर्ना, कुर्न्यासाठी अमारा, अमाऱ्यासाठी कुत. मग बगदाद एवढ्या जवळ दिसायला लागलं की सोडवेना. तिकडे तुर्कस्तानात गॅलिपोलीला ब्रिटिशांनी मार खाल्ला होता, कुठेतरी विजय दाखवायला हवा होता. प्रत्येक पाऊल मागच्या पावलाच्या बचावासाठी, आणि कुठे थांबायचं हे कुणीच ठरवलेलं नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ सलमान पाकला फौज अडली, प्रचंड माणूसहानी सोसून मागे हटली आणि ७ डिसेंबरला कुतमध्ये वेढली गेली.

वेढा जवळपास पाच महिने चालला. शिधा उतरत उतरत मूठभर पिठावर आला. घोडे-खेचरं कापली गेली, पण आपल्या शिपायांनी कित्येक आठवडे ते मांस तोंडात घातलं नाही. गावाकडे कळलं तर जातीत घेणार नाहीत ही धास्ती. हातापायांना सूज, हिरड्यांतून रक्त. शेवटी विमानातून पिठाची पोती टाकली, काही नदीत पडली. सोडवायला आलेल्या फौजेची कुतबाहेर जवळपास २३,००० माणसं मेली वा जखमी झाली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. त्यांतल्या शिपायांना उन्हातून वाळवंटभर चालवलं. बऱ्याच हिंदी शिपायांना रास अल-ऐनला बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामाला लावलं. पुष्कळ जण तिथेच गेले. देशभरातून दहा लाखांवर माणसं समुद्रापार गेली होती, त्यांतली सुमारे ७४,००० परतली नाहीत.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्या लांबून येतं. सुगीची रजा, ४८ तासांची मुदत, तारघर, लिएज, समुद्र, तेल, कुत. यातल्या प्रत्येक ठिकाणी कुणी तरी थांबू शकला असता.

आता त्या चकतीविषयी थोडं. ती युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी पाठवत. तिच्यावर नाव असतं, हुद्दा आणि पलटण नसते. त्यामुळे खापरपणजोबा नेमके कुतला वारले की आधी सलमान पाकला, हे चकतीवरून कळणार नाही. पण घरात चांदीचं गोल पदक असेल, तर त्याची कड भिंगाखाली तिरप्या उजेडात धरा. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. इराकमधल्या बसरा स्मारकाच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. नावं नोंदवहीत आहेत, आणि ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे शोधता येतात. मराठी नावांची रोमन स्पेलिंगं पार बदललेली असतात, म्हणून नावापेक्षा नंबर आणि पलटणीवरून शोधा. कडेवर काय निघालं ते मला कळवा, पुढचं मी बघतो.